क्लासिक रॉकच्या डिस्टॉर्शनसाठी ट्यूब अ‍ॅम्प निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, आणि डिस्टॉर्शन म्हणजे त्याचा मुद्दाम फोडलेला आवाज. इथे क्लासिक रॉक म्हणजे साधारण १९६५ ते १९८२ या काळातला गिटारचा आवाज धरला आहे: क्रीम, फ्री, लेड झेपेलिन, क्वीन, थिन लिझी, एसी/डीसी, सुरुवातीचे व्हॅन हेलन. त्यानंतरच्या हाय-गेन मेटलसाठी यातले बरेच सल्ले उलटे पडतील.

या आवाजासाठी गेन किती लागतो?

वाटतो त्यापेक्षा बराच कमी. (गेन म्हणजे सिग्नल किती वाढवला जातो ते.) एसी/डीसीची रिदम गिटार कान देऊन ऐका. कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळा कळतो, पिक तारेवर आदळल्याचा ठसका ऐकू येतो आणि हात तारांवर ठेवला की क्षणात शांतता होते. भरपूर गेन असता तर या तिन्ही गोष्टी हरवल्या असत्या. तो वजनदारपणा येतो हाताच्या जोरातून, बेस आणि ड्रमच्या साथीतून आणि मुख्य म्हणजे अ‍ॅम्प खरोखर मोठ्याने चालू असल्यामुळे.

म्हणून ‘या अ‍ॅम्पमध्ये गेन किती आहे?’ हे आधी विचारू नका. ‘माझ्या जागेत हा अ‍ॅम्प कितपत उघडता येईल?’ हे आधी विचारा. खालची बहुतेक उत्तरं फिरून फिरून इथेच येतात.

अ‍ॅम्पमध्ये डिस्टॉर्शन तयार होतं तरी कुठे?

एका जागी नाही. गिटारचा सिग्नल आधी प्रीअ‍ॅम्पच्या छोट्या ट्यूबांमधून जातो, तिथे तो पहिल्यांदा वाढवला जातो. ही ट्यूब बहुधा १२एएक्स७ असते, तिलाच युरोपात ईसीसी८३ म्हणतात. पुढे फेज इन्व्हर्टर (सिग्नलच्या एकमेकींच्या उलट दोन प्रती करणारा टप्पा), मग पॉवर ट्यूब (स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणाऱ्या), मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि शेवटी स्पीकर. यातला कुठलाही टप्पा त्याच्या मर्यादेपलीकडे रेटला की सिग्नलच्या लहरींचे शेंडे कापले जातात आणि आवाज फुटायला लागतो.

जुन्या अ‍ॅम्पना मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे प्रीअ‍ॅम्पनंतर आवाज कमी करणारा वेगळा नॉब, नसायचा. व्हॉल्यूम वाढवला की सगळेच टप्पे थोडे थोडे कापू लागत आणि त्या थरांमधून तो जाड, बोलका आवाज तयार होई. फक्त प्रीअ‍ॅम्प फोडून मिळणारं डिस्टॉर्शन जास्त सलग आणि बारीक असतं, वरच्या टोकाला किंचित भुरभुरतं. पॉवर ट्यूब आणि स्पीकरही कामाला लागले की मिड (मधल्या पट्टीतला आवाज) भरतात, पिकच्या जोराला अ‍ॅम्प दाबून उत्तर देतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब ७ वर आणला की आवाज जवळजवळ स्वच्छ होतो. हा शेवटचा गुण सगळ्यात महत्त्वाचा समजा.

जाता जाता, ‘ट्यूब सम क्रमांकाचे हार्मोनिक्स देते म्हणून गोड वाटते’ हे वाक्य सगळीकडे सापडतं. (हार्मोनिक्स म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत येणारे उपस्वर.) ते अर्धंच खरं आहे. दोन किंवा चार पॉवर ट्यूब आळीपाळीने काम वाटून घेतात अशा पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये पॉवर टप्प्यात तयार होणारे सम हार्मोनिक्स आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बऱ्याच अंशी एकमेकांना खाऊन टाकतात. रॉकचे बहुतेक सगळे प्रसिद्ध अ‍ॅम्प पुश-पुलच आहेत. तेव्हा तो ठसका येतो त्यात विषम हार्मोनिक्सचा वाटा मोठा असतो.

किती वॉटचा अ‍ॅम्प घेऊ?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा आकड्यांत शिरू.

कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट पॉवर. म्हणजे १०० वॉटचा अ‍ॅम्प १० वॉटच्या अ‍ॅम्पपेक्षा फक्त दुप्पट मोठा वाटतो. १०० आणि ५० वॉटमध्ये तर फरक ३ डेसिबलचा, ऐकू येईल इतका, पण नाट्यमय नाही. १०० वॉट जास्त देतो ती मुख्यतः हेडरूम: बेस घट्ट राहतो, आवाज उशिरा फुटतो.

आता दुसरी बाजू. सेलेस्टियनच्या ग्रीनबॅक स्पीकरची संवेदनशीलता ९८ डेसिबल आहे, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ९८ डेसिबल. त्याला ५ वॉट दिले तर १०५ डेसिबल होतात. कानांच्या सुरक्षेसाठी अमेरिकेतली एनआयओएसएच ही संस्था जी मर्यादा सुचवते, तिच्यानुसार १०० डेसिबल आवाज दिवसाला फक्त १५ मिनिटं ऐकावा. ‘५ वॉटचाच तर आहे, घरी पूर्ण उघडून वाजवीन’ हा बेत म्हणूनच बहुतेकांचा फसतो. पूर्ण उघडलेला ५ वॉटचा अ‍ॅम्प ड्रमरच्या शेजारी तग धरू शकतो, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचं तर विचारूच नका.

सर्वसाधारण आडाखा असा: घरातल्या खोलीत वाजवायचं असेल तर १ वॉटच्या आसपास किंवा पॉवर कमी करण्याची सोय असलेला अ‍ॅम्प, बँडबरोबर सराव आणि छोटे कार्यक्रम यासाठी १५ ते २० वॉट, मोठ्या मंचावर स्वच्छ आवाजही हवा असेल तर ४० ते ५०. आजकाल अ‍ॅम्पसमोर माइक लावून आवाज साउंड सिस्टिममधून नेतात, त्यामुळे १०० वॉटची गरज फार थोड्यांना उरली आहे. त्या काळी १०० वॉटचे अ‍ॅम्प बनले ते गिटारचा आवाज मोठ्या सभागृहात थेट स्टेजवरूनच पोहोचवावा लागे म्हणून. ते कारण आता नाही, त्या अ‍ॅम्पचा रुबाब मात्र आहे.

ईएल३४, ईएल८४, ६एल६, ६व्ही६ यातली कोणती पॉवर ट्यूब?

ईएल३४ म्हणजे मार्शल आणि हायवॉटचा आवाज: वरच्या मिडला धार, फुटताना कडक. ईएल८४ आकाराने लहान, लवकर फुटते, चमकदार आणि थोडी चिडकी. वॉक्सचा आवाज हिचाच. ६एल६ भक्कम बेस आणि स्वच्छ वरचं टोक देते, फेंडरच्या मोठ्या अ‍ॅम्पमध्ये दिसते. ६व्ही६ हिची धाकटी बहीण, मऊ आणि गोलसर, फेंडरच्या छोट्या अ‍ॅम्पमधली.

पण हे वर्णन मिठाच्या चिमटीसारखं, बेतानेच वापरा. सर्किट, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांचा परिणाम ट्यूबच्या नावापेक्षा मोठा असतो. मार्शलचे पहिले अ‍ॅम्प ईएल३४वर नव्हतेच.

मार्शल हवाय, पण नेमका कोणता?

‘मार्शलचा आवाज’ हा एक नाही, निदान तीन आहेत.

पहिला जेटीएम४५. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी तो तयार केला, फेंडर बासमनचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं घेऊन. फरक थोडेच होते, पण निर्णायक ठरले. बासमनमध्ये सुरुवातीला १२एवाय७ ही कमी गेनची ट्यूब होती, मार्शलने तिथे ईसीसी८३ लावली. बासमनमध्ये उघड्या पाठीच्या पेटीत १० इंची चार स्पीकर असत, मार्शलने बंद पेटीत १२ इंची चार सेलेस्टियन बसवले. जेटीएम४५ मऊ, रुंद आणि थोडा आळसावलेला वाजतो. ब्लूजकडे झुकणारा रॉक वाजवत असाल तर हाच.

दुसरा प्लेक्सी, म्हणजे १९५९ क्रमांकाचा १०० वॉटचा सुपर लीड आणि १९८७ क्रमांकाचा ५० वॉटचा. हे मॉडेल क्रमांक आहेत, साल नव्हे, आणि जुने अ‍ॅम्प विकणारेही कधी कधी यात घोळ घालतात. पुढची पट्टी प्लेक्सिग्लासची होती म्हणून हे टोपणनाव पडलं. १९६९ मध्ये ती पट्टी जाऊन धातूची आली. यात ईएल३४ आहेत, मास्टर व्हॉल्यूम नाही, चार इनपुट आहेत. हेंड्रिक्सपासून व्हॅन हेलनपर्यंतचा आवाज इथून निघतो.

तिसरा, मास्टर व्हॉल्यूमवाला. १९७५ मध्ये २२०३ हे १०० वॉटचं मॉडेल आलं आणि त्याच्या जोडीचं ५० वॉटचं २२०४. १९८१ मध्ये हीच सर्किटं नव्या पेटीत जेसीएम८०० म्हणून विकली जाऊ लागली. यात प्रीअ‍ॅम्पचे दोन टप्पे एकामागोमाग जोडले आहेत, त्यामुळे कमी आवाजातही डिस्टॉर्शन मिळतं. स्वभाव जास्त कडक आणि कोरडा.

प्लेक्सीबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. त्याच्या तेजस्वी चॅनेलच्या व्हॉल्यूम नॉबवर एक ब्राइट कपॅसिटर असतो, जो कमी व्हॉल्यूमवर ट्रेबल थेट पुढे पाठवतो. नॉब जसा उघडाल तसा त्याचा परिणाम विरत जातो. त्यामुळे ३ वर ठेवलेला प्लेक्सी कानात टोचतो आणि ७ वर तोच अ‍ॅम्प भरदार होतो. दुकानात हळू आवाजात वाजवून ‘काय कर्कश आहे’ म्हणत परत जाणारे बरेच असतात. जाणकार तंत्रज्ञाकडून हा कपॅसिटर लहान करून घेता येतो.

चार इनपुटमध्ये केबल घालून दोन चॅनेल जोडतात ते कशासाठी?

एक चॅनेल टोकदार, दुसरा जाड. दोन्ही एकत्र केले की हवा तसा मेळ घालता येतो. गिटार पहिल्या चॅनेलच्या वरच्या इनपुटमध्ये लावा, त्याच चॅनेलच्या खालच्या इनपुटमधून छोटी केबल दुसऱ्या चॅनेलच्या वरच्या इनपुटमध्ये द्या. आधी टोकदार चॅनेल हवा तितका उघडा, मग जाड चॅनेल हळूहळू वाढवून पोट भरा. अ‍ॅम्प खूप उघडला असेल तर बेस नॉब २ किंवा त्याहून खाली ठेवायला बिचकू नका, नाहीतर खालचे स्वर लडबडतात.

वॉक्स, फेंडर, हायवॉट यांचं काय?

वॉक्स एसी३० मध्ये चार ईएल८४ असतात, एसी१५ मध्ये दोन. पॉवर टप्प्यात निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं, ज्याने आवाज स्वच्छ राहतो) नाही, त्यामुळे स्वच्छ आवाजातून फुटक्या आवाजात तो हलकेच सरकतो, कुठे सुरुवात झाली ते बोट ठेवून दाखवता येत नाही. क्वीनच्या ब्रायन मे यांचा गाणारा लीड आवाज म्हणजे उघडलेला एसी३० आणि त्याच्या पुढे ट्रेबल बूस्टर, म्हणजे ट्रेबल वाढवणारं, पायाने चालू करायचं पेडल. एसी३० वरचा कट नॉब उलटा चालतो: वाढवला की ट्रेबल कमी होतो. पहिल्यांदा हात लावणारा हमखास गोंधळतो.

फेंडरमध्ये दोन वेगळे स्वभाव आहेत. पन्नासच्या दशकातला ट्वीड डिलक्स, म्हणजे दोन ६व्ही६ आणि १२ इंची एक स्पीकर, पूर्ण उघडला की रांगडा, फाटका, केसाळ आवाज देतो. नील यंग यांची ओळखच झाला आहे तो. साठच्या दशकातले काळ्या पट्टीचे फेंडर मात्र मिड खाली घेतलेले आणि स्वच्छ. त्यातला २२ वॉटचा डिलक्स रिव्हर्ब मध्यावर छान फुटतो, पण ८५ वॉटचा ट्विन रिव्हर्ब फक्त रॉकच्या डिस्टॉर्शनसाठी घेऊ नका. तो फुटायच्या आधी तुम्ही खोलीबाहेर पळालेले असाल.

हायवॉट डीआर१०३ हा १०० वॉटचा आणि हट्टाने स्वच्छ. द हूचे पीट टाउनशेंड आणि पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिलमोर यांचा. गिलमोर यांचं डिस्टॉर्शन बरंचसं पेडलमधून येतं, अ‍ॅम्प त्याला भक्कम जमीन देतो. तुमच्याकडे आवडीची पेडलं आधीच असतील तर हा मार्ग वाईट नाही.

आणि मोठ्या नावांच्या मागे लागण्याआधी हेही लक्षात असू द्या: लेड झेपेलिनच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर जिमी पेज यांनी टेलिकास्टर आणि छोटा सुप्रो अ‍ॅम्प वापरला होता. मार्शलच्या थप्प्या नंतर आल्या.

मास्टर व्हॉल्यूम असला म्हणजे कमी आवाजात तोच टोन मिळतो का?

तोच नाही. मास्टर व्हॉल्यूम प्रीअ‍ॅम्पनंतर सिग्नल कमी करतो, म्हणजे प्रीअ‍ॅम्प फुटतो, पॉवर ट्यूब आणि स्पीकर आरामात बसून राहतात. फेज इन्व्हर्टरनंतर लावलेला मास्टर जरा बरा, कारण निदान फेज इन्व्हर्टरही फुटण्यात सामील होतो.

शिवाय कानाचाही दोष आहे. कमी आवाजात आपल्या कानाला बेस आणि अगदी वरचा ट्रेबल कमी ऐकू येतो. त्यामुळे अ‍ॅम्पने हुबेहूब तोच आवाज हळू काढला तरी तो पातळ वाटणारच. रात्री हेडफोनवर बसवलेली सेटिंग सरावाच्या खोलीत जाऊन बेसने गदगदते ती याच कारणाने.

अ‍ॅटेन्युएटर घ्यावा का?

आवडता अ‍ॅम्प मोठा असेल आणि तो बदलायचा नसेल तर जरूर. अ‍ॅटेन्युएटर अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसतो आणि बरीचशी पॉवर उष्णतेत घालवतो. ३ डेसिबल कमी केले की पॉवर निम्मी, २० डेसिबल कमी केले की १०० वॉटचा १ वॉट.

६ ते १० डेसिबलपर्यंत चांगला अ‍ॅटेन्युएटर जवळजवळ काही हिरावून घेत नाही. त्यापुढे आवाज बोथट व्हायला लागतो, कारण स्पीकरच हलेनासा होतो. साध्या रोधकाच्या अ‍ॅटेन्युएटरपेक्षा रिअ‍ॅक्टिव्ह लोड, म्हणजे खऱ्या स्पीकरसारखा वागणारा भार, असलेला चांगला. खऱ्या स्पीकरचा रोध प्रत्येक फ्रीक्वेन्सीला बदलतो आणि पॉवर ट्यूबना तो बदल जाणवतो. अ‍ॅटेन्युएटरची क्षमता अ‍ॅम्पच्या वॉटपेक्षा बरीच जास्त हवी, कारण पूर्ण फुटलेला अ‍ॅम्प पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त पॉवर बाहेर फेकतो. आणि हे विसरू नका की आवाज कमी झाला तरी आत अ‍ॅम्प पूर्ण जोरात धावतोय. पॉवर ट्यूब त्याच वेगाने झिजतात.

एडी व्हॅन हेलन यांनी व्हेरिअ‍ॅक (वीजपुरवठ्याचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र) लावून अ‍ॅम्पचं व्होल्टेज खाली आणलं होतं, हे वाचून तसं करायला जाऊ नका. त्याने ट्यूबच्या हीटरचं व्होल्टेजही पडतं, आणि नॉब चुकून वरच्या बाजूला फिरला तर अ‍ॅम्प गेलाच.

स्पीकरने खरंच इतका फरक पडतो?

पडतो. टोनवर खर्च करायला एकच गोष्ट निवडायची झाली तर ट्यूबच्या आधी स्पीकर बदला, असं माझं ठाम मत आहे. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर आवाज झपाट्याने सोडून देतो. डिस्टॉर्शनचा कचरा तिथेच गाळला जातो. तो गाळ कुठे आणि कसा अडतो यावर अर्धा टोन ठरतो.

साठ-सत्तरच्या ब्रिटिश रॉकसाठी सेलेस्टियन जी१२एम, म्हणजेच ग्रीनबॅक. आजच्या आवृत्तीची क्षमता २५ वॉट, मिड घोगरा आणि उबदार, जोरात चालवला की कागदाचा कोन स्वतःच थोडा फुटायला लागतो. जी१२एच ३० वॉटचा आणि मोठ्या चुंबकाचा, बेस घट्ट, वरचं टोक खुलं. वॉक्सच्या आवाजासाठी सेलेस्टियन ब्लू, जो १५ वॉटचाच आहे, तेव्हा एसी३०ला असे दोन लागतात. व्हिंटेज ३० हा १९८६ मधला, ६० वॉटचा आणि वरच्या मिडला टोकदार. चांगला स्पीकर आहे, पण वर सांगितलेल्या काळातल्या कुठल्याच ध्वनिमुद्रिकेवर तो असणं शक्य नाही.

संवेदनशीलताही बघा. ९८ डेसिबलच्या स्पीकरऐवजी १०० डेसिबलचा लावला तर कानाला तो अ‍ॅम्पची पॉवर दीडपट केल्यासारखा मोठा लागतो. घरी वाजवणाऱ्याला म्हणून कमी संवेदनशील स्पीकरच फायद्याचा. क्षमता निवडताना एकच स्पीकर असेल तर अ‍ॅम्पच्या वॉटच्या दुपटीचा धरा. २० वॉटच्या अ‍ॅम्पला २५ वॉटचा एकच ग्रीनबॅक पूर्ण उघडून रोज वाजवणं हा जुगार आहे.

पेटीचं म्हणाल तर बंद पाठीची पेटी पुढे ठोसा मारते, उघड्या पाठीची खोलीभर पसरते. घरात एका १२ इंची स्पीकरची पेटी पुरे.

स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प चालू केला तर?

करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही की त्यात प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि तो जळू शकतो. अ‍ॅम्पमधला तोच सगळ्यात महाग भाग. अ‍ॅम्पचा ओहम आकडा आणि पेटीचा आकडा जुळवा, आणि मधली केबल स्पीकरचीच वापरा. गिटारची केबल दिसायला तशीच असते पण तेवढा करंट तिला झेपत नाही.

पेडल लावणं म्हणजे फसवणूक नाही का?

अजिबात नाही. साठच्या दशकातच डॅलस रेंजमास्टरसारखे जर्मेनियम ट्रेबल बूस्टर आणि फझ फेस (खरखरीत, जाड डिस्टॉर्शनचं, म्हणजे फझचं पेडल) आले होते. त्या काळातले अ‍ॅम्प अंधूक बाजूला झुकले की ट्रेबल बूस्टर त्यांना जागं करायचा.

पेडल निवडताना अ‍ॅम्प काय करतोय ते पाहा. तो आधीच फुटायच्या काठावर असेल तर ट्यूब स्क्रीमरसारख्या पेडलचा ड्राइव्ह अगदी कमी आणि लेव्हल भरपूर ठेवा. पेडलने स्वतः फोडायचं नाही, अ‍ॅम्पला ढकलायचं. अ‍ॅम्प पूर्ण स्वच्छ असेल तर पेडललाच सगळं काम करावं लागेल, आणि मग मार्शलसारखा आवाज देणारी पेडलं बघा. फझ मात्र आधीच फुटलेल्या अ‍ॅम्पमध्ये छान बसतो; स्वच्छ ट्विनमध्ये तो माशी अडकल्यासारखा वाटतो.

माझ्या गिटारला सिंगल कॉइल आहेत. हंबकरशिवाय जमेल?

जमेल. (सिंगल कॉइल म्हणजे एका वेटोळ्याचा पिकअप, हंबकर दोन वेटोळ्यांचा.) हेंड्रिक्स आणि डीप पर्पलचे रिची ब्लॅकमोर स्ट्रॅट, म्हणजे सिंगल कॉइलची फेंडर गिटार, वाजवत. सिंगल कॉइलचं आउटपुट कमी, त्यामुळे अ‍ॅम्प आणखी थोडा उघडावा लागतो किंवा बूस्टर लागतो, आणि गुणगुण येते ती सहन करावी लागते. उलट अति-गरम हंबकर या आवाजाला मारक ठरतात. ते प्रीअ‍ॅम्पला इतकं लवकर फोडतात की हाताचा हलका-जोरकस फरकच पुसला जातो.

रेक्टिफायर ट्यूब असायलाच हवी का?

नाही. रेक्टिफायर विजेच्या एसी प्रवाहाचा डीसी करतो. रेक्टिफायर ट्यूब असलेला अ‍ॅम्प जोरात वाजवला की पुरवठ्याचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि आवाज दबून परत वर येतो, याला सॅग म्हणतात. ५वाय३ ही रेक्टिफायर ट्यूब जास्त बसते, जीझेड३४ कमी. प्लेक्सी काळातल्या १०० वॉटच्या मार्शलमध्ये रेक्टिफायर ट्यूब नव्हतीच, डायोड होते. घट्ट रिफसाठी तेच योग्य.

आणि ‘क्लास ए’?

पॉवर ट्यूबमधला करंट कधीच थांबत नाही अशा रचनेचं हे नाव, पण जाहिरातीतला शब्द समजून पुढे चला. एसी३०लाही लोक क्लास ए म्हणतात, पण जोरात वाजवला की तो क्लास एबीमध्येच, म्हणजे ट्यूब मधून मधून बंद होत, चालतो. तुमच्या कानाला जाणवतं ते कॅथोड बायस (ट्यूब आपला करंट आपणच सांभाळते अशी रचना) आणि निगेटिव्ह फीडबॅकचा अभाव.

ट्यूब बदलून आवाज सुधारेल?

पॉवर ट्यूब जुन्या झाल्या असतील तर हो, फरक स्पष्ट कळतो. चांगल्या चालत्या ट्यूब काढून दुसऱ्या ब्रँडच्या लावल्या तर फरक असतो, पण स्पीकर हलवून एक फूट बाजूला ठेवल्याने पडतो त्याहून मोठा क्वचितच. आज नव्या ट्यूब मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांत बनतात आणि एकाच कारखान्याचा माल कधी कधी वेगवेगळ्या नावांनी विकला जातो.

एक बदल मात्र स्वस्तात बरंच काही देतो. पहिल्या जागेवरच्या १२एएक्स७ चा गेन फॅक्टर १०० असतो. तिथे ५७५१ लावली तर ७०, १२एवाय७ लावली तर साधारण ४५. गेन उतरतो, व्हॉल्यूम नॉबचा पल्ला वाढतो, आणि अति उतावळा अ‍ॅम्प जुन्या चालीवर येतो.

बायस स्वतः करू का?

बायस म्हणजे सिग्नल नसताना पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहावा हे ठरवणं. कॅथोड बायसचे अ‍ॅम्प स्वतःला सांभाळून घेतात, त्यात जुळलेली जोडी लावली की झालं. फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूब बदलल्यावर बायस तपासायलाच हवा. प्रचलित हिशेब ट्यूबच्या कमाल क्षमतेच्या ७० टक्क्यांचा: ईएल३४ ची क्षमता २५ वॉट, त्याचे ७० टक्के १७.५ वॉट, प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर सुमारे ३९ मिलीअँपिअर. ७० टक्के ही वरची हद्द आहे. ६० टक्क्यांनाही अ‍ॅम्प उत्तम वाजतो आणि ट्यूब जास्त टिकतात.

पण आत ४०० ते ५०० व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये ते साठून राहतात. ते रिकामे कसे करायचे हे ठाऊक नसेल तर पेटी उघडू नका, तंत्रज्ञाकडे द्या.

हाताने जोडणी केलेला अ‍ॅम्प सर्किट बोर्डवाल्यापेक्षा चांगला वाजतो?

दुरुस्तीला सोपा असतो, हे नक्की. वाजण्याचं श्रेय सर्किट, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरला जातं. जेसीएम८०० सर्किट बोर्डवर बनले आणि त्यांच्या आवाजाबद्दल कुणाची तक्रार नाही.

जुना वापरलेला अ‍ॅम्प घेताना काय तपासू?

चालू करून काहीही न जोडता ऐका: हलकी सळसळ ठीक, मोठी घुंई असेल तर पुरवठ्याचे कपॅसिटर संपलेले असू शकतात. ते साधारण १५-२० वर्षांनी बदलावे लागतात. पेन्सिलीने प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूबवर हलकेच टिचका मारा. एखादी घंटेसारखी वाजली तर ती बदलायला आली आहे. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, ती साफ होते. पॉवर ट्यूबची प्लेट लालबुंद होताना दिसली तर मात्र लगेच बंद करा. अर्धा तास वाजवल्याशिवाय सौदा करू नका, काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात. ट्रान्सफॉर्मर मूळचे आहेत का ते विचारा. अ‍ॅम्प परदेशातून आलेला असेल तर त्याचं मेन्स व्होल्टेज तुमच्याकडच्या वीजपुरवठ्याशी जुळतं का हे सगळ्यात आधी बघा.

सगळं बरोबर लावूनही रेकॉर्डसारखा आवाज येत नाही. का?

कारण रेकॉर्डवर ऐकता तो अ‍ॅम्पचा आवाज नाही, स्पीकरपासून काही इंचांवर ठेवलेल्या माइकचा आहे. तुम्ही अ‍ॅम्पपासून लांब, तो घोट्यांकडे तोंड करून ठेवलेला, आणि कान वर. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरका करा, निम्मी तक्रार तिथेच मिटते. शिवाय रेकॉर्डवर बहुधा दोन गिटार डावी-उजवीकडे असतात आणि खालचं वजन बेस गिटारचं असतं. एकट्या गिटारमधून ते वजन काढायला गेलात की बेस आणि गेन वाढवत बसाल आणि बँडमध्ये तुमचा आवाज चिखलात जाईल.

मॉडेलर घेतला तर चालणार नाही का?

मॉडेलर म्हणजे अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र. रात्री हेडफोनवर वाजवणं आणि घरी रेकॉर्डिंग हेच मुख्य काम असेल तर तोच घ्या, त्यात कमीपणा नाही. ट्यूब अ‍ॅम्पचा खरा फायदा स्पीकरची हवा अंगावर येते, गिटारच्या तारा त्या आवाजाने थरथरतात आणि फीडबॅक हाताशी येतो, तेव्हा मिळतो. तो आवाज करायची जागाच नसेल तर कपाटाएवढा मार्शल घेऊन करणार काय?

इतकं नको, एकच नाव सांगा.

बँडबरोबर सराव होतो आणि आवाज करायला जागा आहे, तर मार्शल एसव्ही२० चं हेड (स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) आणि ग्रीनबॅकची पेटी. प्लेक्सीचं सर्किट, दोन ईएल३४, २० वॉट, आणि ५ वॉटवर उतरायची सोय. यात मास्टर व्हॉल्यूम नाही, ते चालवून घ्यावं लागेल. एकाच अ‍ॅम्पमध्ये स्वच्छ आवाजही हवा असेल तर वॉक्स एसी१५, मास्टर व्हॉल्यूमसकट. आवाज कमी ठेवायचा पण कडक रिफ हवेत, तर एसव्हीचा जेसीएम८०० वर बेतलेला भाऊ एससी२०. यातला कुठलाही घेतलात तरी दुकानात आपली स्वतःची गिटार न्या, अ‍ॅम्प निदान अर्ध्यापर्यंत उघडायला लावा, आणि गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणून बघा. आवाज स्वच्छ होण्याऐवजी नुसताच मेला, तर तो अ‍ॅम्प तिथेच सोडून या.